नियम कोणाचे, मजकूर कोणाचा?

कणकवलीत दशावतार पाहिलेल्या माणसाला ‘रोलप्लेइंग गेम’ समजावायला फार वेळ लागत नाही. आख्यान ठरलेलं, संवाद मात्र ऐनवेळचे. टेबलावरच्या खेळात फासे तेवढे जास्तीचे: वार लागला की हुकला, ते फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला थोरला. त्याच्या नियमांवर देवचार, वेताळ घालून मालवणी साहस लिहायचं म्हटलं की पहिली धास्ती असते ती कंपनीच्या नोटिशीची.

मुळात खेळाची रीत कुणाच्या मालकीची नसते. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा कल्पनेला नव्हे, तिच्या मांडणीला संरक्षण देतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. पेटंटही नाही: १९७०च्या पेटंट कायद्याचं कलम ३ खेळ खेळण्याच्या पद्धतीला शोधच मानत नाही. आपल्याच जिल्ह्यातली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. दिवसा रामाचा राजा असलेल्यानं उतारी करायची, रात्री कृष्णाचा असलेल्यानं. हे खेळायला परवानगी कसली? पण आजच्या चित्रकारानं रंगवलेल्या पानांचे फोटो काढून संच छापलात, तर ती चोरी.

मग परवाना कशासाठी? मजकुरासाठी. मंत्रांची वर्णनं, तक्ते, राक्षसांची माहिती जशीच्या तशी वापरता यावी म्हणून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टनं २००० साली ‘ओपन गेम लायसन्स’ काढलं.

‘एकदा खुलं केलं की कायमचं खुलं’ हा समज जानेवारी २०२३मध्ये चांगलाच हादरला. नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना बाद, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरांवर विक्री गेली की वरच्या रकमेवर रॉयल्टी! जुन्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ होतं, ‘अपरिवर्तनीय’ नव्हतं; सगळा वाद त्या फटीतला. खेळाडू खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीनं नियमांची ४०३ पानांची संदर्भसंहिता ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या श्रेय-परवान्याखाली दिली. हा मागे घेता येत नाही. कंपनीला उपरती झाली असं मात्र मला वाटत नाही. गिऱ्हाईक चाललं होतं.

खुला म्हणजे विकायला बंदी, असंही नाही. पुस्तक खुशाल विका, तुमची गोष्ट तुमचीच. सांगितलेल्या शब्दांत श्रेय द्यायचं, काय बदललं ते नोंदवायचं. संहितेबाहेरची पुस्तकं आणि कंपनीचा लोगो यात येत नाही.

देवचाराची माहिती मराठी विकिपीडियावरून उतरवलीत, तर अट आणखी कडक: त्यावर बेतलेला मजकूर तशाच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून आपल्या शब्दांत लिहिलंत, तर ही भानगडच नाही.