खर्रा आणि दारू : सुटकेच्या दोन वाटा

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. मात्र कायद्याने दुकान बंद झाले तरी शरीराची सवय सुटत नाही. घरातील ज्येष्ठांचे व्यसन सोडवताना व्यसनाव्यसनांतील फरक ओळखावा. तंबाखू, सुपारी, चुन्याचा खर्रा सोडल्यावर चिडचिड, निद्रानाश जाणवतो. तो काही आठवड्यांत ओसरतो. रोजची दारू एकाएकी तोडल्यास मात्र दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भ्रम उद्भवून प्राणावर बेतू शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. गडचिरोलीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावसंघटनेला उपचाराची जोड दिली. घरच्यांनीही धाक न दाखवता सोबत करावी. पाऊल पुन्हा घसरले, तरी उपचार थांबवू नयेत.