वापरकर्ता खाते गोठणे

(हा लेख संगणकावरील खात्याविषयी आहे. बँकेतील व्यवहार थांबवलेल्या खात्यांसाठी ‘गोठवलेले बँक खाते’ पहा.)

वापरकर्ता खाते गोठणे ही एकाहून अधिक व्यक्ती वापरत असलेल्या संगणकावर उद्भवणारी अडचण आहे. यात एका व्यक्तीचे खाते प्रतिसाद देईनासे होते, त्यात प्रवेश मिळत नाही, किंवा प्रवेश मिळूनही पडदा रिकामा अथवा स्थिर राहतो. संगणकाचे यंत्रभाग बहुधा शाबूत असतात आणि त्याच संगणकावरील इतर खाती नेहमीप्रमाणे चालतात. अशा वेळी खात्यातील फाइली सहसा नष्ट झालेल्या नसतात. मात्र खाते पुसून नवे तयार करणे किंवा संचालन प्रणाली पुन्हा बसवणे यांसारख्या घाईच्या उपायांनी त्या कायमच्या गमावल्या जाऊ शकतात. त्यामुळे या अडचणीत दुरुस्तीपेक्षा निदानाला अधिक महत्त्व आहे.

== संकल्पना ==

संगणकावरील प्रत्येक खात्याचे तीन स्तर असतात. पहिला स्तर ओळखीचा. यात वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द (पासवर्ड) आणि अधिकार यांची नोंद असते. दुसरा स्तर प्रोफाइलचा. वापरकर्त्याची कागदपत्रे, छायाचित्रे, डेस्कटॉपवरील फाइली व वैयक्तिक मांडणी एका स्वतंत्र फोल्डरात ठेवलेली असते. विंडोज व मॅकओएसमध्ये हे फोल्डर ‘यूजर्स’ या फोल्डरात, तर लिनक्समध्ये ‘होम’ या फोल्डरात असते. विंडोजमध्ये याच फोल्डरात ‘एनटीयूजर.डॅट’ नावाची एक लपवलेली फाइल असते. खात्याची बरीचशी मांडणी तीत साठवलेली असून ती वाचता आली नाही, तर खाते नेहमीप्रमाणे उघडत नाही. तिसरा स्तर सत्राचा. प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्या खात्यात चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमांचा मिळून तो बनतो.

‘खाते गोठले’ असे म्हटले जाते तेव्हा बिघाड या तीनपैकी एका स्तरावर असतो. प्रत्येक स्तराची लक्षणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत.

== इतिहास ==

एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत घरगुती संगणकांपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘सीटीएसएस’ या प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून या प्रणालीत पासवर्ड वापरले गेले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्सने अनेक वापरकर्त्यांची कल्पना पुढे नेली. आजच्या लिनक्स व मॅकओएस या प्रणालींतील खात्यांची रचना त्याच परंपरेतील आहे.

घरगुती संगणकांवर ही विभागणी उशिरा आली. विंडोज ९५ मध्ये पासवर्डची चौकट दिसत असली, तरी ती रद्द करूनही संगणक वापरता येत असे. २००१ मधील विंडोज एक्सपीने कार्यालयीन वापरासाठी विकसित झालेला विंडोज एनटीचा पाया घरगुती संगणकांवर आणला. एका व्यक्तीचे काम चालू ठेवून दुसऱ्या व्यक्तीला प्रवेश देण्याची सोयही त्यात होती. अशी सोय मॅकच्या प्रणालीत २००३ मध्ये आली. या सोयीमुळे एकाच वेळी अनेक सत्रे जिवंत राहू लागली आणि कमी स्मृती असलेल्या संगणकांवर सत्र अडकण्याचे एक नवे कारण निर्माण झाले.

== कारणे ==

* इतर खात्यांतील चालू सत्रांमुळे संगणकाची स्मृती अपुरी पडणे.
* मुख्य डिस्क पूर्ण भरणे. प्रवेश करताना प्रणालीला काही फाइली लिहाव्या लागतात. त्यासाठी जागा नसल्यास प्रवेश अर्धवट राहतो.
* खात्याची मांडणी लिहिली जात असताना वीज जाणे. विंडोजची ‘एनटीएफएस’ ही फाइल प्रणाली डिस्कवरील रचनेची नोंद ठेवून ती सावरते, परंतु अर्धवट लिहिलेल्या फाइलीतील मजकुराची हमी देत नाही.
* प्रवेशाच्या क्षणी विषाणूरोधक किंवा अन्य प्रोग्रॅमने प्रोफाइलची फाइल अडवून ठेवणे.
* चुकीचा पासवर्ड वारंवार दिल्याने खाते आपोआप कुलूपबंद होणे.
* जुनी हार्ड डिस्क निकामी होऊ लागणे.

== निदान ==

निदानाचा पहिला प्रश्न असा की, दुसऱ्या खात्यातून प्रवेश होतो का? सर्वच खाती अडकत असतील, तर दोष खात्याचा नसून प्रणालीचा, डिस्कचा किंवा यंत्राचा असतो. एकच खाते अडकत असेल, तर ते कोणत्या टप्प्यावर अडकते ते पाहिले जाते.

पासवर्ड स्वीकारलाच जात नसेल, तर अडचण ओळखीच्या स्तरावर असते. पासवर्ड स्वीकारला जाऊन ‘प्रोफाइल उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येत असेल किंवा डेस्कटॉप नव्या संगणकासारखा कोरा दिसत असेल, तर ती प्रोफाइलच्या स्तरावर असते. डेस्कटॉप दिसतो पण काहीच हलत नाही, अशा वेळी सत्र अडकलेले असते. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास कोणताही प्रयोग करण्यापूर्वी फाइलींची प्रत काढणे आवश्यक ठरते, कारण अशी डिस्क पुन्हा सुरू होईलच असे नसते.

== उपाय ==

=== सत्र अडकल्यास ===

विंडोजमध्ये ‘कंट्रोल, ऑल्ट व डिलीट’ या कळी एकत्र दाबल्यास प्रणालीचा स्वतंत्र पडदा उघडतो. हा पडदा सामान्य प्रोग्रॅमांच्या ताब्यात नसल्याने डेस्कटॉप गोठलेला असतानाही तो बहुधा प्रतिसाद देतो. तेथून ‘टास्क मॅनेजर’ उघडून अडकलेला प्रोग्रॅम बंद करता येतो. पडदा काळा असल्यास ‘विंडोज एक्सप्लोरर’ पुन्हा सुरू केल्याने डेस्कटॉप अनेकदा परत येतो.

तेवढ्याने न भागल्यास त्याच पडद्यावरून ‘स्विच यूजर’ निवडून प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्यात प्रवेश केला जातो. टास्क मॅनेजरच्या ‘यूजर्स’ या भागातून अडकलेले सत्र बंद करता येते. त्या सत्रातील न जतन केलेले काम मात्र यामुळे जाते.

त्यानंतरचा उपाय संगणक पुन्हा सुरू करण्याचा आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तोच उघडला जाण्याची सोय आहे. त्यामुळे संगणक बंद करून चालू केल्यावरही जुना दोष टिकून राहू शकतो. ‘रीस्टार्ट’ निवडल्यास प्रणाली खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होते.

=== पासवर्ड स्वीकारला जात नसल्यास ===

मराठीत टंकलेखन होणाऱ्या संगणकांवर या दोषाचे एक साधे कारण आढळते. प्रवेशाच्या पडद्यावर कळफलक मराठीचा निवडलेला असतो आणि पासवर्ड रोमन अक्षरांचा असतो. टंकलेली अक्षरे ठिपक्यांच्या रूपात दिसत असल्याने चूक ध्यानात येत नाही. त्या पडद्याच्या कोपऱ्यात कळफलकाची भाषा दर्शवणारी खूण असते आणि ती तपासणे ही पहिली पायरी आहे. ‘कॅप्स लॉक’ व ‘नम लॉक’ या कळींची स्थितीही पाहिली जाते.

पुन्हापुन्हा प्रयत्न केल्याने नवी अडचण ओढवते. विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या प्रणालीत दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे कुलूपबंद राहते. या काळात योग्य पासवर्डही नाकारला जातो, म्हणून थांबणे हाच उपाय असतो.

पासवर्ड खरोखरच विसरला असल्यास इंटरनेटशी जोडलेल्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून बदलता येतो. केवळ त्या संगणकापुरत्या असलेल्या खात्याचा पासवर्ड प्रशासक बदलू शकतो. परंतु त्या खात्यात विंडोजच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फाइली असल्यास अशा बदलानंतर त्या वाचता येत नाहीत. मूळ पासवर्ड आठवण्याची शक्यता असेपर्यंत हा मार्ग टाळणे हितावह असते.

=== प्रोफाइल उघडत नसल्यास ===

प्रोफाइल वाचता आले नाही, तर विंडोज कधीकधी वापरकर्त्याला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये प्रवेश देते. डेस्कटॉप कोरा दिसतो आणि सर्व फाइली गेल्या असा समज होतो. प्रत्यक्षात मूळ फोल्डर जागेवरच असते. खरा धोका यापुढे असतो. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये जतन केलेली प्रत्येक फाइल खात्यातून बाहेर पडताच पुसली जाते. विद्यार्थ्याने तेथे दिवसभर प्रकल्प लिहून डेस्कटॉपवर ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तो सापडत नाही. अशा स्थितीत काम करणे थांबवावे लागते आणि तोवर लिहिलेले पेन ड्राइव्हवर किंवा डिस्कच्या दुसऱ्या विभागात हलवावे लागते.

यानंतर संगणक ‘रीस्टार्ट’ केला जातो. दुसऱ्या प्रोग्रॅमने फाइल अडवली असल्यास एवढ्यानेच मूळ खाते परत येते. ते न आल्यास प्रशासकाच्या खात्यातून मुख्य डिस्कवरील मोकळी जागा पाहिली जाते, ‘चेकडिस्क’ने डिस्क तपासली जाते आणि मूळ फोल्डराची प्रत बाह्य डिस्कवर घेतली जाते. रजिस्ट्रीतील प्रोफाइलच्या नोंदी दुरुस्त करण्याचा मार्गही आहे. त्यातील चूक संपूर्ण प्रणालीला बाधक ठरू शकत असल्याने तो जाणकारांनी, रजिस्ट्रीची प्रत राखूनच अवलंबायचा असतो.

सर्वांत सुरक्षित मार्ग नवे खाते तयार करून जुन्या फोल्डरातील कागदपत्रे, छायाचित्रे व डेस्कटॉपवरील फाइली त्यात उतरवण्याचा आहे. ‘एनटीयूजर’ या नावाने सुरू होणाऱ्या फाइली उतरवू नयेत, कारण दोष त्यांच्यासोबत नव्या खात्यात येऊ शकतो. नवे खाते काही दिवस नीट चालल्यावरच जुने काढले जाते.

=== अन्य प्रणाली ===

लिनक्समध्ये योग्य पासवर्ड देऊनही प्रवेशाचा पडदाच पुन्हा समोर येणे हे लक्षण परिचित आहे. ‘होम’ विभाग भरणे किंवा खात्यातील एखाद्या फाइलीची मालकी प्रशासकाकडे जाणे ही त्याची नेहमीची कारणे होत. ‘कंट्रोल, ऑल्ट व एफ३’ या कळींनी अक्षरी पडदा उघडून तेथून जागा मोकळी करता येते अथवा मालकी परत देता येते. मॅकमध्ये ‘कमांड, ऑप्शन व एस्केप’ या कळींनी अडकलेला प्रोग्रॅम बंद होतो. ‘सेफ मोड’मध्ये खाते उघडल्यास प्रवेशासोबत आपोआप सुरू होणारा एखादा प्रोग्रॅम दोषी असल्याचे सूचित होते.

== कोकणातील संदर्भ ==

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके अतिवृष्टीच्या पट्ट्यात येतात आणि पावसाळ्यात वीज खंडित होण्याचे प्रसंग येथे वारंवार घडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळल्याने जिल्ह्यातील अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस बंद राहिला. कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद असल्याचा आणि घरातील एकच संगणक अनेकांनी वापरण्याचा तो काळ होता.

पेण हे शहर, तसेच तालुक्यातील हमरापूर व जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. घर आणि कारखाना जवळजवळ असलेल्या अशा व्यवसायांत मागणीची नोंद, ग्राहकांचे हिशेब आणि मुलांचा अभ्यास एकाच संगणकावर असल्यास खाते गोठण्याचा फटका सर्वांना बसतो. गणेशोत्सवापूर्वीचे कामाचे शेवटचे आठवडे आणि पावसाचा जोर हे दोन्ही एकाच हंगामात येतात. त्यामुळे हिशेबाची प्रत आषाढ लागण्यापूर्वीच काढून ठेवणे येथे विशेष उपयोगाचे आहे.

घरगुती इन्व्हर्टर असूनही वीज जाताच संगणक बंद पडण्याचा अनुभव सर्वत्र येतो. साध्या स्थितीत इन्व्हर्टरला वीज बदलून देण्यास लागणारा क्षण संगणकाला सोसत नाही. अनेक इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ स्थितीची स्वतंत्र कळ असते आणि ती निवडल्यास हा काळ कमी होतो.

== प्रतिबंध ==

* रोजच्या वापरासाठी प्रत्येकाला सामान्य अधिकाराचे खाते देणे आणि प्रशासकाचे एक स्वतंत्र खाते राखून ठेवणे. एक खाते गोठल्यास दुरुस्तीचा मार्ग त्यामुळे खुला राहतो.
* काम संपल्यावर केवळ खाते न बदलता त्यातून बाहेर पडणे.
* मुख्य डिस्कवर पुरेशी जागा मोकळी ठेवणे.
* खाते तयार करताना नाव रोमन लिपीत देणे. प्रोफाइलचे फोल्डर त्याच नावाने बनते आणि काही जुन्या प्रोग्रॅमांना देवनागरी नावाचे फोल्डर वाचता येत नाही. खात्याचे दिसणारे नाव नंतर मराठीत बदलता येते व त्याने फोल्डराचे नाव बदलत नाही.
* डिस्क ‘बिटलॉकर’ने कूटबद्ध असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून ठेवणे. ती नसल्यास दुरुस्तीच्या वेळी डिस्कवरील माहिती कायमची दुरावू शकते.
* महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकाबाहेर ठेवणे आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून तपासणे.

== हेही पहा ==

* संचालन प्रणाली
* पासवर्ड
* कूटबद्धीकरण
* इन्स्क्रिप्ट कळफलक
* निसर्ग चक्रीवादळ
* पेण