गाडी आमची, विद्या दुसऱ्याची

यंत्रातलं ओ की ठो कळत नसेल, तर माणसानं साधी, नवी, वॉरंटीतली गाडी घ्यावी, असं शहाणी माणसं सांगतात. ते बरोबरच आहे. पण हौस काही शहाणपणाला विचारून येत नाही. मी ऑकलंडमध्ये राहतो, हिशेब तपासण्याची नोकरी करतो आणि गेली सात वर्षं एक जपानी स्टेशन वॅगन चालवतो. गाडी 1997 सालची, दोन टर्बोंची, आधीच्या मालकानं हौसेनं ‘ट्यून’ केलेली. बॉनेट उघडलं की मला तिथे फक्त गर्दी दिसते.

न्यूझीलंडमध्ये अशी गाडी नवलाची नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस इथल्या सरकारनं आयातीवरचे निर्बंध सैल केले आणि जपानमधल्या वापरलेल्या गाड्या जहाजं भरभरून यायला लागल्या. दोन्ही देशांत वाहतूक डाव्या बाजूनं, त्यामुळे स्टिअरिंग हलवायचा प्रश्न नाही. शिवाय जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीची तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ती खर्चीक, म्हणून चांगल्या चालत्या गाड्याही तिथले लोक काढून टाकतात. 1998 मध्ये न्यूझीलंडनं मोटारींवरचा आयात करही रद्द केला आणि इथले मोटारजुळणीचे कारखाने त्याच वर्षी बंद पडले. उरल्या त्या जपानच्या जुन्या गाड्या आणि त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं.

त्या काळच्या जपानी गाड्या होत्याही तशाच. 280 अश्वशक्तीच्या वर आकडा जाऊ द्यायचा नाही, असं तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं आणि हा अलिखित करार 2004 पर्यंत टिकला. आपल्या जुन्या मारुती 800 ची ताकद चाळिशीच्या आत होती, यावरून अंदाज यावा. माझ्या वॅगनमध्ये मागे पोरांची दप्तरं आणि आठवड्याचा बाजार असतो, पुढे 280 घोडे.

गाडीबरोबर जपानमधल्या लिलावाचा कागद आला होता. त्यावर गाडीचं रेखाचित्र, ओरखडा असेल तिथे ‘ए’, पोचा असेल तिथे ‘यू’ अशा खुणा, आणि एकंदर गुण चार. सांगलीहून आलेल्या आईनं तो पाहून ‘पत्रिका बरी दिसते’ असा शेरा दिला. गाडी अजून जपानीच बोलते. किल्ली फिरवली की टोलनाक्याचं कार्ड घातलेलं नाही, अशी सूचना एक बाई रोज अदबीनं देते. रेडिओही तिकडचा, 76 ते 90 मेगाहर्ट्झचा. इथली बहुतेक स्टेशनं त्याला लागत नाहीत.

पण पत्रिकेत पुढचं आयुष्य कुठे लिहिलेलं असतं? गाडी जपानमधून निघाल्यानंतर तिच्यात काय काय झालं, हा खरा प्रश्न. इथे मोठे फेरफार केले तर ते मान्यताप्राप्त परीक्षकाकडून तपासून घ्यावे लागतात. मग धातूची एक छोटी पाटी गाडीला बसवतात, तिच्यावर ते फेरफार नोंदलेले असतात. विमा कंपनीलाही ते कळवावे लागतात. माझ्या पाटीवर स्प्रिंगा होत्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते. टर्बोचा दाब थोडा वाढवलेला होता, त्याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

दाब वाढवणं म्हणजे काय, ते मला आमच्या मेकॅनिकनं समजावलं. टर्बोचं चक्र धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं आणि इंजिनात जास्त हवा कोंबतं. त्या हवेच्या मानानं पेट्रोलही वाढायला हवं. ते वाढलं नाही, तर आतली उष्णता बेसुमार चढते. चुलीचा जाळ वाढवला आणि पातेल्यातलं पाणी तेवढंच ठेवलं, तर जे होईल तेच. त्यात जपानमधलं हाय-ऑक्टेन पेट्रोल साधारण 100 ऑक्टेनचं. इथे पंपावर 91, 95 आणि काही ठिकाणी 98. त्यामुळे माझी गाडी 98 च पिते आणि महिन्याच्या हिशेबात ते दिसतं.

हा मेकॅनिक मूळचा फिजीचा, तिथल्या भारतीय घरातला. तो मला कसा भेटला, ते सांगण्यासारखं आहे. चौथ्या वर्षी गाडी मधेच आचके द्यायला लागली. एका गॅरेजनं ‘दोन्ही टर्बो बदला’ म्हणून साडेचार हजार डॉलरचा अंदाज हातात ठेवला. अशा वेळी पुरुषमाणसं मान डोलावतात. गाडीतलं कळत नाही, हे कबूल करणं आपल्याला पगार सांगण्यापेक्षा जड जातं.

फिजीच्या भाईनं अंदाज दिला नाही, प्रश्न विचारले. आचके थंड इंजिनाला की गरम? चढावर की सपाटीवर? कितव्या गिअरला? काटा किती आरपीएमवर? मी खिशातली वही काढली. नोकरीची सवय म्हणून मी गाडीचं सगळं टिपून ठेवत असे. वीस मिनिटं चालल्यानंतर, तिसऱ्या गिअरला, चढावर, काटा चार हजारांजवळ आला की. त्यानं वही दोनदा वाचली. पहिल्या टर्बोला दुसरा येऊन मिळतो तो साधारण तिथेच, आणि ही जोडणी सांभाळतात रबरी नळ्यांची जाळी. त्यातली एक जुनी नळी गरम झाल्यावर भेगाळत होती. नळीची किंमत काही डॉलर, ती शोधायची मजुरी तीन तासांची.

डॉक्टरकडे आजाऱ्याबरोबर जो नातेवाईक जातो, त्याला वैद्यक येत नाही. पण ताप कधी चढला, काय खाल्लं, रात्री झोप लागली का, हे त्यालाच ठाऊक असतं. अशा गाडीच्या मालकाचं काम एवढंच, पण ते दुसरं कुणी करू शकत नाही. माझे वडील स्कूटर तिरकी करून सुरू करत. आत काय होतं ते त्यांनाही ठाऊक नसावं, पण तिची नाडी त्यांना कळत होती.

बायकोचा प्रश्न मात्र वेगळा होता. ‘पोरं मागे बसतात. मला एवढंच सांग, नखरा कुठला आणि धोका कुठला?’ हाच प्रश्न मी भाईला विचारला आणि उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. तेलाचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा चढला किंवा ब्रेकचं पेडल खाली गेलं, तर टिपत बसायचं नाही. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि टो ट्रक बोलवायचा. बाकीचं वहीत. ते पान आता तिलाही पाठ आहे.

वर्षभरानं एक टर्बो खरोखरच गेला. म्हणजे पहिलं गॅरेज अगदीच खोटं बोलत नव्हतं. त्यानं आजाऱ्याची विचारपूस न करता औषध लिहिलं, एवढंच. या वेळी भाईनं जुना टर्बो हातात दिला, दांडा बोटानं हलवून दाखवला. बिल मोठं होतं, पण कशाचं ते मला कळत होतं.

गाडी कधीतरी विकावी लागेलच. पोरं मोठी झाली, पेट्रोल महागलं. घेणारा लिलावाचा कागद मागेल, पाटी बघेल. त्यांच्याबरोबर मी त्याला ही वही देईन. सात वर्षांत तिची 140 पानं भरली आहेत, आणि मागची काही कोरी ठेवली आहेत.