सर्वोत्कृष्ट पुरुष पार्श्वगायक राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार

सर्वोत्कृष्ट पुरुष पार्श्वगायक राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार हा भारत सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयातर्फे दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांपैकी एक पुरस्कार आहे. कोणत्याही भारतीय भाषेतील चित्रपटात पार्श्वगायन करणाऱ्या पुरुष गायकाला तो दिला जातो. गायकाच्या एकूण कारकिर्दीचा विचार येथे होत नाही. विशिष्ट चित्रपटातील गायनासाठी हा सन्मान असतो. सर्व भाषांतील गाणी एकाच परीक्षणात येत असल्याने, हिंदीच्या तुलनेने मर्यादित बाजारपेठ असलेल्या मराठीसारख्या भाषेतील गायनालाही देशपातळीवर समान संधी मिळते.

स्वरूप

विजेत्याला रजतकमळ, रोख रक्कम आणि प्रशस्तिपत्र दिले जाते. दीर्घकाळ ५० हजार रुपये असलेली रोख रक्कम ७० व्या पुरस्कारांपासून २ लाख रुपये करण्यात आली. एका कॅलेंडर वर्षात सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट त्या वर्षाच्या पुरस्कारासाठी पात्र ठरतात. पुरस्काराची घोषणा त्यानंतर होत असल्याने पुरस्काराचे वर्ष, चित्रपट प्रदर्शित झाल्याचे वर्ष आणि घोषणेचे वर्ष ही तिन्ही वेगवेगळी असू शकतात. ‘मी वसंतराव’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हा चित्रपट एप्रिल २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. मात्र त्याला मिळालेला पुरस्कार २०२० या वर्षाचा आहे. चित्रपट महोत्सव संचालनालयाकडे असलेली पुरस्कारांची व्यवस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आली.

इतिहास

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. आरंभी ते प्रामुख्याने चित्रपटांना दिले जात. कलावंत आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी स्वतंत्र पुरस्कारांची सुरुवात १९६७ या वर्षाच्या १५ व्या पुरस्कारांत झाली. त्या वेळी ‘उपकार’ या हिंदी चित्रपटातील गायनासाठी महेंद्र कपूर हे पहिले विजेते ठरले. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील ग्रामीण बाजाच्या गाण्यांमुळे महेंद्र कपूर यांचा आवाज महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचित आहे. गायिकांसाठीचा पुरस्कार पुढील वर्षी सुरू झाला, तो पी. सुशीला यांना मिळाला.

त्यानंतरच्या काळात मन्ना डे, सचिन देव बर्मन, हेमंतकुमार, मुकेश आणि मोहम्मद रफी यांना हा सन्मान मिळाला. के. जे. येसुदास यांनी सर्वाधिक आठ वेळा तो पटकावला. त्यांचा पहिला पुरस्कार १९७२ चा, तर आठवा २०१७ चा आहे. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी तेलुगू, हिंदी, कन्नड आणि तमिळ अशा चार भाषांतील गायनासाठी तो मिळवला.

मराठी गायक आणि मराठी चित्रपट

पंडित भीमसेन जोशी यांना १९८४ या वर्षाचा पुरस्कार ‘अनकही’ या हिंदी चित्रपटासाठी मिळाला. पंडित जसराज यांचे शिष्य संजीव अभ्यंकर यांना १९९८ चा पुरस्कार ‘गॉडमदर’ या हिंदी चित्रपटासाठी मिळाला. हे दोन्ही गायक पुण्याचे; परंतु त्यांना गौरव मिळाला तो हिंदी गायनासाठी.

५६ व्या ते ६८ व्या पुरस्कारांच्या तेरा वर्षांत हे चित्र पालटले. या काळात मराठी चित्रपटांतील गायनाला पाच वेळा पुरस्कार मिळाला. ‘जोगवा’मधील ‘जीव रंगला’ या अजय-अतुल यांच्या गीतासाठी हरिहरन (५६ वा), ‘मी सिंधुताई सपकाळ’साठी सुरेश वाडकर (५८ वा), ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे (५९ वा), ‘कट्यार काळजात घुसली’साठी महेश काळे (६३ वा) आणि ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे (६८ वा) हे ते विजेते होत. यांपैकी हरिहरन यांची मातृभाषा मराठी नाही. ‘जीव रंगला’ या युगुलगीतासाठी श्रेया घोषाल यांनाही त्याच वर्षी गायिकांचा पुरस्कार मिळाला.

या पाचपैकी अखेरचे तीन चित्रपट शास्त्रीय संगीत आणि नाट्यसंगीत यांच्याशी निगडित आहेत. त्यांच्यामागे गुरुपरंपरेचे धागेही आहेत. आनंद भाटे हे भीमसेन जोशी यांचे शिष्य. महेश काळे यांचे गुरू पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या मूळ ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाला १९६७ मध्ये संगीत दिले होते. त्याच नाटकात खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी गाजवली. राहुल देशपांडे हे त्यांचे नातू असून ‘मी वसंतराव’मध्ये त्यांनी आजोबांची भूमिकाही केली आहे.

लोकसंगीत आणि पुरस्काराची मर्यादा

लोकसंगीताशी नाते असलेल्या गायनाचा या पुरस्काराने अनेकदा गौरव केला आहे. लोककथेचा बाज असलेल्या ‘काडु कुदुरे’ या कन्नड चित्रपटासाठी शिमोगा सुब्बण्णा यांना १९७८ चा पुरस्कार मिळाला. ‘लालन फकीर’ या बंगाली चित्रपटासाठी हेमंतकुमार यांना, तर ‘वारिस शाह’ या पंजाबी चित्रपटासाठी गुरदास मान यांना तो देण्यात आला. मराठीत मात्र या काळातील पुरस्कारांचा कल नाट्यसंगीताकडे अधिक दिसतो. ‘जोगवा’ची कथा जोगते-जोगतिणींच्या जीवनावर आधारलेली असली, तरी ‘जीव रंगला’ हे गीत स्वरूपाने भावगीताच्या जवळ जाते.

ही स्थिती काही अंशी पुरस्काराच्या नियमांतून येते. पोवाडा, भारूड, गोंधळ किंवा भीमगीते गाणारा कलावंत मैदानात, जत्रेत आणि जलशात कितीही लोकप्रिय असला, तरी त्याचा आवाज चित्रपटात आल्याखेरीज आणि तो चित्रपट स्पर्धेसाठी दाखल झाल्याखेरीज त्याचा विचार होऊ शकत नाही. अशा कलावंतांची दखल अन्य मार्गांनी घेतली जाते. शाहीर साबळे यांना १९९८ मध्ये मिळालेली पद्मश्री हे त्याचे उदाहरण आहे. त्यामुळे हा पुरस्कार म्हणजे चित्रपटगायनाच्या गुणवत्तेची नोंद होय. महाराष्ट्रातील समग्र गायनपरंपरेचे मोजमाप म्हणून त्याकडे पाहता येत नाही.