कातळावरची इवलीशी आगगाडी

दोस्ता, एक कोडं घालू?

मे महिन्यातली भर दुपार. रत्नागिरीजवळचा सडा. सडा माहीत आहे ना? कोकणात डोंगराच्या माथ्यावर कातळाचं भलंमोठं सपाट मैदान असतं, त्याला सडा म्हणतात. झाड नाही, झुडूप नाही, सावली तर औषधालासुद्धा नाही! अनवाणी पाऊल टेकवलंस तर नाचतच मागे फिरशील, इतका तो तापलेला असतो.

आता सांग, या कातळावर या क्षणी किती रोपं जिवंत असतील?

एकही नाही, असंच म्हणशील ना?

चूक! ढीगभर आहेत! ती दिसत नाहीत एवढंच. कारण ती अजून बियांच्या आत गाढ झोपली आहेत. कातळाच्या भेगांत, खळग्यांत, चिमूटभर धुळीत हे बी पडून आहे. आणि त्यातलं एक बी आहे एका किडकिडीत, छोट्याशा गवताचं. हे गवत कुठे कुठे उगवतं माहीत आहे? आफ्रिकेत नाही. अमेरिकेत नाही. आपल्याच देशातल्या हिमालयातही नाही! अख्ख्या जगात ते फक्त भारताच्या दक्षिणेकडच्या भागात सापडतं. त्यातही त्याची सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे हे सडे आणि सह्याद्रीवरची पठारं.

त्याचं शास्त्रीय नाव आहे ग्लायफोक्लोआ. म्हणून बघ बरं मोठ्याने. ग्लाय-फो-क्लो-आ! जमलं? शाब्बास!

ही एकच जात नाही हं. ग्लायफोक्लोआच्या दहा-बारा जाती आहेत, सगळ्या सख्ख्या भावंडांसारख्या. एकीच्या नावात गोवा आहे: गोआएन्सिस. एकीच्या नावात रत्नागिरी आहे: रत्नागिरिका. एकीच्या नावात तर आपला अख्खा महाराष्ट्रच आहे: महाराष्ट्राएन्सिस! तुझ्या गावाचं नाव एखाद्या गवताला मिळालं तर कसली मज्जा येईल, विचार कर.

बरं, आता जरा कातळाकडे वळू. हा साधासुधा दगड नाही. हा जांभा! कोकणातली तांबडी घरं ज्या चिऱ्यांची बांधतात ना, तोच हा दगड. त्यात लोह भरपूर असतं, म्हणून त्याला तो तांबडा रंग येतो. त्याच्या अंगावर भोकंच भोकं असतात. वर माती असते ती किती? कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. आणि जी असते तीसुद्धा निकस. रोपांना लागणारं खाणं तिच्यात फार थोडं.

आणि पाऊस? बाप रे! रत्नागिरीला वर्षभरात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे तीन मीटर! ते पाणी वाहून न जाता तुझ्या खोलीत साठत गेलं, तर थेट छताला टेकेल. यातला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. उरलेले आठ महिने सडा जवळजवळ कोरडा.

म्हणजे बघ हं. चार महिने पाणीच पाणी, आठ महिने तहानच तहान. खाली दगड, वर ऊन. अशा जागी राहायचं तरी कसं?

आपल्या गवताने यावर एक झकास युक्ती काढली आहे. ते आठ महिने तिथे रोप म्हणून राहतच नाही! पहिला पाऊस पडला की बी जागं होतं. भराभर कोंब, भराभर पानं, मग फुलं, मग नवीन बी. पाऊस सरला, कातळ सुकायला लागला की रोपही वाळून जातं. संपलं! जन्मापासून शेवटापर्यंत सगळं एकाच हंगामात. अशा वनस्पतीला वर्षायू म्हणतात. पुढचे कोरडे, तापलेले महिने काढायचं काम फक्त बियांचं. बियांना ना तहान लागते ना भूक. त्या नुसत्या झोपून राहतात.

या गवताला उंच व्हायला वेळच कुठे मिळतो? कुठे वीतभर, कुठे हातभर, बस्स. काडी तर शिवणकामाच्या जाड सुईएवढी बारीक. मुळंही खोल जाणार कशी, खाली दगड! म्हणून खाली एक जाड मूळ नसतंच. केसांसारख्या बारीक मुळांचा झुपका असतो, आणि तो मातीच्या त्या पातळ थराला घट्ट धरून बसतो.

पण थांब. एवढी बारीक काडी आणि सड्यावरचा तो सोसाट्याचा वारा! काडी आडवी होत नाही?

होते की! पण आडवी पडून राहत नाही. इथेच तर गंमत आहे. गवताची कुठलीही काडी हातात घे. तिच्यावर मध्ये मध्ये गाठी दिसतील. उसाला असतात ना, तशाच. त्यांना पेरं म्हणतात. काडी आडवी झाली की पेराजवळची खालची बाजू जास्त वाढते आणि वरची कमी. मग काय होईल? काडी तिथे वळते आणि शेंडा पुन्हा आभाळाकडे! ना हात, ना पाय, तरी उठून उभी! तुला हे घरी बघता येईल. कुंडीत पेरं आलेलं गवत असेल, तर ती कुंडी काही दिवस आडवी ठेव आणि रोज पेरांकडे लक्ष दे.

आणखी एक प्रयोग, यासाठी तर कुंडीही नको. मैदानावरची एक हिरवी काडी दोन बोटांत धर आणि फिरव. गोल गोल फिरली? मग ते बहुतेक गवत आहे. कडा टोचल्या, तीन बाजू लागल्या? मग तो लव्हाळा! लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण त्याचं कुळ वेगळं. त्याची काडी बहुधा तिकोनी असते. मोठ्या माणसांनाही हे पुष्कळदा माहीत नसतं. विचारून बघ!

आता आणखी एक गुपित सांगते. ग्लायफोक्लोआचे नातेवाईक कोण आहेत, ओळख पाहू. तू त्यांना रोज भेटत असशील. जेवताना भेटतात, चहात भेटतात, पावसात गाडीवर भाजताना भेटतात!

ज्वारी! ऊस! मका!

खरंच! ही सगळी गवतंच आहेत, आणि तीही एकाच घराण्यातली. उसासारखा धिप्पाड दादा आणि सड्यावरचं हे किडकिडीत पिल्लू, दोघांचे पूर्वज एकच. आणि दोघांकडे घराण्याची एक खास कला आहे.

झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन आपलं अन्न बनवतात. तो आत येण्यासाठी पानांवर बारीक छिद्रं असतात. पण छिद्र उघडं ठेवलं की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. फ्रीजचं दार उघडं ठेवून तू नुसतं आत बघत राहिलास किंवा राहिलीस, की आई काय ओरडते? "काय हवं ते घे आणि दार लाव!" या घराण्यातली गवतं नेमकं तेच करतात. त्यांच्या पानात वायू चटकन पकडून आत साठवणारा एक खास पंप असतो. म्हणून छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी वाचतं.

भर पावसाळ्यात पाणी वाचवायचं कशाला, असं वाटलं ना? अरे, ऑगस्टमध्ये पावसाने चार दिवस उघडीप दिली तरी सड्यावरची ती बोटभर माती तापून कोरडी होते. तेव्हा ही कला कामाला येते!

आता येऊ दे फुलांची पाळी. गवताला फुलं येतात, हे माहीत होतं? येतात! पण रंगीत पाकळ्या नाहीत, वास नाही, मध नाही. कारण फुलपाखरांना बोलवायचंच नसतं. सड्यावर फुकटचा वारा आहे ना! परागकण वाऱ्यावर उडतात आणि शेजारच्या फुलावर जाऊन बसतात. भिंगातून बघशील तर फुलातून लोंबणारे परागकोश दिसतील, आणि पिसासारखी झुबकेदार कुक्षी दिसेल. उडत आलेले परागकण झेलायचं काम या कुक्षीचं.

आणि आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट. आगगाडी!

ग्लायफोक्लोआच्या काडीच्या टोकाला एक छोटा तुरा येतो. बोटाच्या पेरा-दोन पेरांएवढा. नीट बघ. तो सलग नाही. एकामागे एक तुकडे जोडलेले आहेत, अगदी डब्याला डबा जोडल्यासारखे! प्रत्येक डब्यात दोन प्रवासी. एक डब्याला चिकटून बसलेला, बी तयार करणारा. दुसरा छोट्याशा दांडीवर बसलेला. बी बसलेल्या डब्यावर एक कडक झाकण असतं. आणि त्या झाकणावर काय असतं म्हणतोस किंवा म्हणतेस? नक्षी! खाचा, खळगे, उंचवटे. जणू एखाद्या कारागिराने बसून कोरलेत. आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी! काहींच्या झाकणाला वर पंखासारख्या कडा, तर एकीच्या टोकाला दोन बारीक शेपट्या. शास्त्रज्ञ भिंगाखाली हे झाकण बघूनच सांगू शकतात, ही कोणती जात ते.

तुरा पिकला, वाळला, की गाडीच्या जोडण्या सुटतात. टक्! एक डबा खाली. टक्! दुसरा खाली. डबा कातळाच्या खळग्यात जाऊन पडतो. बी आत सुरक्षित, वर कडक झाकण. पुढच्या जूनपर्यंत मुक्काम तिथेच!

सड्यावर हे गवत एकटं नसतं बरं का. शेजारी कोण कोण असतं ऐकशील तर तोंडात बोट घालशील. निळी-जांभळी सीतेची आसवं! दिसायला इतकी गोड, पण ती शिकारी आहेत. मातीत खाणं कमी पडतं ना, म्हणून ती मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवरच्या चिमुकल्या फुग्यांत पाण्यातले अतिसूक्ष्म जीव ओढून घेतात आणि पचवतात. आणि काही सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. कशेळी गावाच्या सड्यावरचा हत्ती तर खऱ्या हत्तीपेक्षाही कितीतरी मोठा!

आणि तरी सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी कागदावर, अशा जमिनीला काय म्हणतात, माहीत आहे? पोटखराबा. म्हणजे पीक घेता येत नाही अशी जागा. मला हे वाचून फार वाईट वाटतं. जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं गवत जिथे राहतं, ती जागा खराब कशी? पण कागदावर तशी नोंद असली की तिकडे कुणी वळून बघत नाही. मग कुठे चिरेखाण निघते, कुठे सुरुंग लावून कातळ फोडतात आणि बाहेरची माती भरून आंब्याची बाग करतात. आंबे मलाही आवडतात, खूप! पण कातळ फुटला की त्यावरचा बोटभर थर जातो आणि त्यात झोपलेलं सगळं बीही जातं. एका सड्यावरचं बी दूरच्या दुसऱ्या सड्यावर सहज पोचत नाही. मध्ये दऱ्या असतात, जंगल असतं, भातशेती असते. या गवताला तिथे सावलीत, उंच रोपांच्या गर्दीत टिकता येत नाही.

छान बातमीही आहे. माणसं या गवतांच्या मागे लागली आहेत! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या गवतांवर २०१२ साली एक जाडजूड ग्रंथच काढला. आणि साताऱ्याजवळचं कास पठार पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ मध्येच जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथे लोक रंगीत फुलं बघायला गर्दी करतात. त्या फुलांच्या पायाशी गवतंही असतात, पण त्यांच्याकडे बघायला वाकावं लागतं.

तू वाक! सप्टेंबर-ऑक्टोबरात कोकणात किंवा गोव्यात कुणाकडे गेलास किंवा गेलीस, तर मोठ्या माणसाला घेऊन सड्यावर जा. पायवाटेवरूनच चाल. भिंग बरोबर घे. कातळाच्या कडेला बारीक काड्यांचा पुंजका दिसला की गुडघ्यावर बस आणि टोकाचा तुरा बघ. डबे दिसले? तुरा वाळलेला असेल तर हलकेच स्पर्श कर, एखादा डबा सुटून तुझ्या तळहातावर येईल. झाकणावरची नक्षी पोटभर बघून घे, वहीत तिचं चित्र काढ. आणि डबा मात्र तिथेच, त्याच खळग्यात ठेवून ये. तुझ्या घरच्या कुंडीत त्याचं काही काम नाही, आणि जूनला तर अजून आठेक महिने आहेत!