अर्धी इमारत वाऱ्याची, अर्धी पाण्याची

हरित इमारतींवर काहीतरी करा, असं संपादकांनी सुचवलं आणि माझ्या टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग साचला. गुळगुळीत कागद, हिरवी पानं, काचेवर पडलेलं आभाळ. मजकूर सगळीकडे तोच: वीज वाचते, पाणी वाचतं, भाडं चढं मिळतं, कर्मचारी खूश राहतात. वीज वाचते ती कशाच्या तुलनेत, हे मात्र शोधावं लागतं. बहुतेक वेळा ही तुलना असते संगणकात उभ्या केलेल्या एका काल्पनिक इमारतीशी. तुमची इमारत बेताची बांधली असती तर तिने किती वीज खाल्ली असती, याचा हिशेब मांडायचा आणि त्यातून तुमचा अंदाज वजा करायचा. उरेल ती बचत. दोन्ही बाजू कागदावरच्या.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेच्या हरित इमारत परिषदेची ‘लीड’ ही मानांकन पद्धत आपल्याकडे आली. २००१ साली भारतीय उद्योग महासंघाच्या छत्राखाली ‘इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ सुरू झाली. हैदराबादला सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर उभं राहिलं. वडोदऱ्याचे वास्तुरचनाकार करण ग्रोव्हर यांनी आखलेली, हवा गार करणारे बुरूज आणि मधोमध चौक असलेली ही इमारत. अमेरिकेबाहेर ‘लीड’चं प्लॅटिनम हे सर्वोच्च मानांकन मिळवणारी ती पहिली, आणि २००४ च्या जुलैमध्ये राष्ट्रपती कलामांनी तिचं उद्घाटन केलं. वीस हजार चौरस फुटांपासून निघालेली ही चळवळ आज हजार कोटी चौरस फुटांच्या पुढे गेली आहे. अर्थात हा आकडा नोंदणीचा आहे, तो तसाच वाचावा.

पण मला अडकवून ठेवलं ते हैदराबादच्याच दुसऱ्या एका इमारतीनं. पोचारम इथल्या इन्फोसिसच्या आवारात ‘एसडीबी-१’ असं रुक्ष नाव मिरवणारी ही कचेरी सुमारे अडीच लाख चौरस फुटांची आहे. बांधतानाच तिचे दोन सारखे भाग केले. भिंती त्याच, खिडक्या त्याच, दिवे तेच, काम करणारी माणसंही त्याच प्रकारची. फरक फक्त गारव्याचा. एका अर्ध्या भागात नेहमीचं वातानुकूलन, तेही चांगल्यातलं चांगलं: पाणी थंड करणारं चिलर, हवा फिरवणारी यंत्रं, डक्ट, थंड हवेचा झोत. दुसऱ्या अर्ध्या भागात स्लॅबमध्येच नळ्या घातल्या आणि त्यांतून थंड पाणी फिरवलं. दोन्हींचे चिलर वेगळे, मीटर वेगळे. काल्पनिक इमारतीची गरजच उरली नाही. ती शेजारी खरीच उभी होती.

मोठ्या कंपनीनं स्वतःच्याच पैशांनी स्वतःच्याच दाव्याची अशी उलटतपासणी करावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या नळ्यांची गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. सेंट्रिंग झालं, सळया बांधून झाल्या की त्या सळयांच्या जाळीवर बोटभर जाडीची प्लॅस्टिकची नळी वळणं घेत पसरायची आणि जागोजागी बांधायची. मग काँक्रीट ओतायचं. ओतताना नळीत दाब भरून ठेवतात आणि एकाची नजर दाबाच्या काट्यावर असते. काटा पडला तर कुणाच्या तरी फावड्यानं नळी फोडली, असं समजायचं आणि तिथल्या तिथे शोधून दुरुस्त करायचं. एकदा स्लॅब भरला की ती नळी इमारतीच्या आयुष्यभरासाठी आत. पुढे पंखा टांगायला छताला हूक मारायचा म्हटलं तरी आधी नकाशा काढावा लागतो.

हवेच्या झोताशिवाय गारवा कसा लागतो? चैत्राच्या दुपारी दगडी देवळाच्या सभामंडपात शिरलं की वाऱ्याची झुळूकही नसताना अंग निवतं, तसाच. आपल्या शरीराची उष्णता थेट गार पृष्ठभागाकडे जाते, मधली हवा फार थंड करावी लागत नाही. शिवाय उष्णता वाहून न्यायला हवेपेक्षा पाणी कितीतरी सरस. तेवढ्याच आकारमानाचं पाणी जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. म्हणजे भल्यामोठ्या पंख्यांचं काम छोटा पंप करतो. नेहमीच्या यंत्रणेत पाणी सहा-सात अंशांपर्यंत थंड करावं लागतं, इथे चौदा-पंधरा अंश पुरतात आणि चिलरला तेवढा दम कमी लागतो.

निकाल २०१४ साली अमेरिकेतल्या ‘ॲश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. नळ्यांच्या बाजूला वातानुकूलनाची वीज सुमारे ३४ टक्के कमी लागली होती. आणि धंद्याच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट अशी, की ही यंत्रणा बसवायचा खर्च दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त आला नाही. ‘हरित म्हणजे महाग’ हे पालुपद निदान इथे तरी गप्प बसलं. २००८ च्या तुलनेत इन्फोसिसचा दरडोई वीजवापर पुढच्या दहा-बारा वर्षांत निम्म्याहून खाली आला, त्यामागे अशा बिनचेहऱ्याच्या कामांचा मोठा वाटा आहे.

मग हे सगळीकडे का होत नाही? पहिली अडचण दवाची. छताचं तापमान हवेच्या दवबिंदूखाली गेलं की स्लॅबला घाम फुटतो आणि थेंब खालच्या फायलींवर पडतात. म्हणून आत येणारी ताजी हवा आधी कोरडी करावी लागते, जागोजागी आर्द्रतेचे सेन्सर लागतात, खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. हैदराबादला हे जमतं. जुलैतल्या मुंबईत दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांवर असतो. तिथे हीच यंत्रणा चालवायला जास्त कोरडी हवा आणि जास्त शिस्त हवी. शिवाय ऊन आधी भिंती-खिडक्यांपाशीच अडवलेलं असावं लागतं. चहूबाजूंनी काच लावलेल्या डब्यात या नळ्यांचा निभाव लागत नाही.

दुसरी अडचण पैशांची. इन्फोसिसमध्ये बांधणारा, वापरणारा आणि बिल भरणारा एकच. आपल्याकडच्या बहुतेक कचेऱ्या भाड्याच्या. बिल्डर खर्च करणार आणि बिल भाडेकरूचं घटणार, तर बिल्डर कशाला हात सैल सोडेल? त्याला आमिष लागतं. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ते आहे: मानांकनानुसार तीन, पाच किंवा सात टक्के जादा एफएसआय. पर्यावरण सांभाळल्याचं बक्षीस म्हणून आणखी बांधकाम! कमी दर्जाच्या बांधकामापेक्षा हे बरंच, पण हिशेब कुणाच्या सोयीचा आहे ते लपत नाही.

तिसरी अडचण मला पुण्यातल्या एका कचेरीत दिसली. लॉबीत मानांकनाची चकचकीत पाटी. वर सहाव्या मजल्यावर भर दुपारी बाराला पश्चिमेच्या काचेवरचे पडदे खाली ओढलेले आणि सगळे दिवे चालू. खाली प्लांट रूममध्ये ऑपरेटरकडे लॉगबुक होतं. त्यात दर दोन तासांनी पाण्याचं तापमान आणि दाब लिहिलेला, अक्षर नेटकं. या इमारतीला दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट लागतात, असं विचारल्यावर तो गोंधळला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याला फोन येतात ते एवढेच: तिसऱ्या मजल्यावर उकडतंय, चौथ्यावर गारठतंय.

दोष त्याचा नाही. पाटी मिळते ती बव्हंशी आराखडा आणि बांधकाम बघून. पुढची तीस वर्षं इमारत कशी चालते, हा वेगळा विषय. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची कचेऱ्यांसाठीची तारांकन योजना मात्र प्रत्यक्ष वर्षभराच्या वापरावर तारे देते. तिची जाहिरात होत नाही, कारण तिथे बिल दाखवावं लागतं.

तेव्हा ‘ग्रीन’ म्हणून जास्त दरानं जागा घेणार असाल, तर दोन कागद मागून घ्या. प्रमाणपत्र अंतिम आहे की बांधकामाआधीचं, हे दाखवणारा एक. इमारत चालू असेल तर गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं, हा दुसरा. दुसरा मिळत नसेल, तर पहिल्यासाठी जादा पैसे मोजू नका.