कन्नडच्या घाटात गिअरबॉक्स काय सांगतो?

चाळीसगावहून कन्नडकडे निघालात की थोड्याच वेळात सपाट रस्ता संपतो आणि सातमाळ्याचे डोंगर समोर उभे राहतात. पायथ्यापर्यंत गाडी पाचव्या गिअरमध्ये मजेत पळत असते. चढ लागला की गाडी चालवणारे काका चौथा टाकतात, मग तिसरा, आणि कडक चढावर थेट दुसरा. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडीचा वेग मात्र उतरतो. इंजिन इतकं जोरात फिरत असताना गाडी सावकाश का जाते? आणि तरीही एवढा चढ चढते कशी?

या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या एका बंद पेटीत आहे. तिचं नाव गिअरबॉक्स. ही पेटी बिघडायला लागली की आधी इशारे देते. चांगला मिस्त्री ते इशारे कानाने, नाकाने आणि हाताने ओळखतो. आज आपणही ते शिकूया.

दातांचं गणित

गिअर म्हणजे दाते असलेलं पोलादी चाक. 10 दात्यांच्या चाकाने 35 दात्यांचं चाक फिरवलं, तर लहान चाकाच्या साडेतीन फेऱ्या होतात तेव्हा मोठ्याची एक होते. वेग साडेतीन पटीने कमी झाला, पण फिरवण्याचा जोर जवळजवळ तेवढ्याच पटीने वाढला! या जोराला टॉर्क म्हणतात. चढावर आपल्याला तोच हवा असतो.

आता एक हिशेब करू. समजा, एका छोट्या कारच्या पहिल्या गिअरचं प्रमाण साडेतीन आहे. गिअरबॉक्सनंतर चाकांपर्यंत जाताना आणखी एक गिअरजोडी लागते, तिचं प्रमाण 4. दोन्हींचा गुणाकार 14. म्हणजे इंजिनाच्या 14 फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी. इंजिन मिनिटाला 2800 फेऱ्या मारत असेल, तर चाकाच्या होतील 200. चाकाचा परीघ 1.7 मीटर धरला, तर मिनिटाला 340 मीटर, म्हणजे ताशी साधारण 20 किलोमीटर. पाचव्या गिअरचं प्रमाण 0.8 धरा आणि हाच हिशेब पुन्हा करा. उत्तर येईल ताशी साधारण 89 किलोमीटर. इंजिन तेच, फेऱ्याही तेवढ्याच!

गंमत म्हणजे, एवढ्याला इतकं तर तेवढ्याला किती, हे गणित या घाटाच्या पायथ्याला फार जुनं आहे. ते आपलं त्रैराशिक. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त त्याची कितीतरी उदाहरणं आहेत. याच डोंगरांच्या कुशीत, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. पुढच्या वेळी घाट चढताना ही आठवण जरूर काढा.

क्लच आणि पितळी रिंग

इंजिन सतत फिरत असतं. फिरत्या दात्यांत दुसरे दाते घुसवायला गेलं तर ते एकमेकांवर खडाखडा आपटतील. म्हणून आधी इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत करावी लागते. ते काम क्लचचं. तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा आणि एक फिरवा. दुसराही सोबत फिरतो ना? दाब सैल केलात की तो जागच्या जागी राहतो आणि हात नुसते घासून गरम होतात. क्लच प्लेटही अशीच घर्षणावर चालते.

पूर्वीच्या गाड्यांत गिअर बदलायचा म्हणजे कसरत होती. क्लच दाबा, गिअर काढून न्यूट्रल करा, क्लच सोडा, पुन्हा दाबा, मग गिअर टाका. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने सिंक्रोमेश नावाची युक्ती गाडीत आणली. तिच्यात मुख्य काम करते एक छोटीशी रिंग, बहुधा पितळेची. तिच्या आतल्या बाजूला केसाएवढे बारीक आटे असतात. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर चढते, आटे तिथला तेलाचा थर कापतात, घर्षण होतं आणि दोन्ही भागांचा वेग सारखा होतो. मगच दाते अलगद एकमेकांत बसतात. हे सगळं क्षणभरात उरकतं!

दुखणं ओळखायचं कसं?

*आवाज वाढतो, वेग वाढत नाही.* चढावर ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडायला लागलं, पण वेग तेवढाच राहिला आणि जळका वास आला, तर क्लच स्लिप मारतोय. प्लेटचं फेसिंग, म्हणजे तिच्यावरचा घासणारा थर, झिजलेलं असतं. चढावर हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असली की हे दुखणं लवकर येतं.

*गिअर टाकताना खर्रर्र.* एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, असा आवाज येत असेल तर त्या गिअरची पितळी रिंग झिजल्याचा संशय घ्यायचा. सगळेच गिअर खरखरत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसावा. अशा वेळी गिअरबॉक्स उघडण्याआधी क्लचची केबल किंवा क्लचचं तेल तपासतात.

*उभ्या गाडीत घरघर.* गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबायचा. दाबल्यावर आवाज थांबला, तर गिअरबॉक्सच्या आत, इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग खराब असण्याची शक्यता मोठी. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचं रिलीज बेअरिंग गेलेलं असतं. एका पेडलने किती काम झालं बघा!

*गिअर निसटतो.* चालता चालता गिअर आपोआप न्यूट्रलला आला, तर आतली स्प्रिंग, गिअर सरकवणारा फोर्क किंवा दात्यांच्या कडा झिजलेल्या असू शकतात. कधी कधी इंजिनाचं माउंटिंग सैल झालेलं असतं.

*गाडीखाली तेलाचा डाग.* सील गळतंय. गिअर ऑइल कमी झालं की दात्यांमधला तेलाचा थर तुटतो आणि पोलादावर पोलाद घासतं. जळगाव-भुसावळचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे, पारा 45 च्या आसपास! तापल्यावर तेल पातळ होतं. म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल घालायचं.

पेटी उघडल्यावर

मिस्त्री गिअरबॉक्स उतरवतो, तेव्हा आधी त्यातलं तेल काढतो. बऱ्याच गाड्यांत तेल सोडायच्या बोल्टला चुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ लगदा चिकटलेला असला तर ती नेहमीची झीज. पण बोटाला टोचणारे तुकडे लागले, तर आत एखादा दाता तुटलाय हे पेटी उघडायच्या आधीच कळतं.

मग क्लच प्लेट हातात घेऊन फेसिंग रिबिटांपासून किती उंच उरलंय ते मोजतात. ही प्लेट इंजिनाच्या ज्या जड चाकावर दाबली जाते, त्या फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसले तर तो भाग फार तापला होता असं समजायचं. पितळी रिंग गिअरवर दाबून फिरवून बघतात. ती घट्ट धरली पाहिजे, आणि तिच्या व गिअरच्या मधली फट फिलर गेजने मोजून कंपनीच्या मापाशी ताडून बघतात. फट कमी झाली असेल तर रिंग बदलायची. जुन्या रिंगवरचे आटे गुळगुळीत झालेले असतात, नवीन रिंगवर ते बोटाला स्पष्ट लागतात. इतक्या बारीक झिजेमुळे एवढी मोठी गाडी खरखरत होती!

हे काम शिकायचं असेल, तर जळगाव, धुळे या दोन्ही ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. मेकॅनिक मोटर व्हेइकल हा आयटीआयचा दहावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. हे काम हुशारीचं आहे, आणि मुलामुलींना सारखंच जमण्यासारखं आहे.

उतरतानाचा नियम

आता सगळ्यात महत्त्वाचं. धुळ्याहून मुंबईकडे जाताना लळिंगचा घाट असो, शिरपूरच्या पुढचा बिजासन घाट असो की आपला कन्नडचा, जुन्या ड्रायव्हरांचा नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. खालच्या गिअरमध्ये उतरताना चाकांना इंजिन फिरवावं लागतं आणि ते इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. डिझेल-पेट्रोल वाचवायला कुणी न्यूट्रल केलं, तर हा आधार सुटतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट लागत नाहीत.

गाडी चालवायला तुम्हाला 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल, पण गाडी ऐकायला आजपासून सुरुवात करता येते. पुढच्या प्रवासात डोळे मिटून कितवा गिअर पडला ते ओळखून बघा. खरखर ऐकू आली, जळका वास आला, तर लगेच घरच्यांना सांगा. आणि घाट उतरताना कुणी न्यूट्रल करायला लागलं, तर न घाबरता म्हणा, “काका, गिअरमध्येच राहू द्या!”